ईस्टर, पास्क, वल्हांडण : सणाची नावे आणि चिन्हांच्या उगमाचा प्रश्न

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही गावी 'नाताळ' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शाळेतील मुलास तो सुट्टीमुळे ठाऊक असतो आणि बाजारातील दुकानदारास भिंतीवरील दिनदर्शिकेमुळे. वस्तुतः हा शब्द पोर्तुगीज आहे, आणि पोर्तुगीजांची सत्ता गोदावरीच्या या खोऱ्यात कधीही पोहोचलेली नव्हती. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व त्याच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. ख्रिस्ती समाजाची संख्याही येथे अत्यल्प आहे. तरीसुद्धा 'नाताळ' गंगाखेडास पोहोचला, जिंतुरास पोहोचला व मराठी शब्द म्हणून स्थिरावला. गोव्याच्या बोलीत त्याच्याच शेजारी बसलेला 'पास्क' हा शब्द मात्र सह्याद्री ओलांडून आला नाही. ख्रिस्ती धर्मदृष्ट्या ईस्टर हा नाताळाहून मोठा सण. पण मराठीच्या सर्वसामान्य शब्दसंग्रहात मोठ्या सणाला घरचे नाव नाही व धाकट्याला आहे. हा विरोध लहानसा वाटला तरी सणांच्या चिन्हांचा उगम शोधू पाहणाऱ्यांनी तो दृष्टीआड करणे योग्य नव्हे.

तो दृष्टीआड केला जातो, याचे कारण उगमाचा प्रश्न बहुधा चुकीच्या टोकापासून हाती घेतला जातो. दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास मराठी नियतकालिकांतून ईस्टरच्या प्रतीकांवर जे लिहिले जाते, त्याचा साचा ठरलेला आहे. 'ईस्टर' हे नाव ईओस्त्रे नावाच्या वसंतदेवतेवरून आले. अंडे हे तिच्या सुफलतेचे चिन्ह. ससा हे तिचे वाहन किंवा प्रिय प्राणी. ख्रिस्ती धर्माने तिचा उत्सव आपलासा केला आणि चिन्हे तशीच राहिली. काही लेखक याच्याही पुढे जाऊन ईओस्त्रे म्हणजेच बाबिलोनची इश्तार असे सांगतात. हे विवेचन वाचणाऱ्या मराठी माणसाची अशी समजूत होते की, आपल्या शेजारचा ख्रिस्ती मनुष्य त्या रविवारी जे काही करतो त्याचे मूळ जर्मनीच्या अरण्यात किंवा मेसोपोटेमियाच्या मंदिरात आहे. ही समजूत दोन ठिकाणी सदोष आहे. एक तर तिला आधार फार थोडा आहे. आणि जो आहे तो मराठी भाषिकांच्या सणाला लागू पडत नाही.

प्रथम आधाराकडे पाहू. ईओस्त्रेचा उल्लेख करणारा प्राचीन लेखक एकच आहे. नॉर्थम्ब्रियातील मठवासी पंडित बेडा याने ७२५ मध्ये कालगणनेवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्याच्या पंधराव्या अध्यायात जुन्या इंग्रजांच्या महिन्यांची नावे देताना, एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या महिन्याचे नाव ईओस्त्रे नावाच्या देवतेवरून पडले होते, असे तो सांगतो. एवढेच. अंडे नाही, ससा नाही, देवतेच्या उत्सवाचा विधी नाही. पुढे १८३५ मध्ये याकोब ग्रिम याने जर्मन 'ओस्टर्न' या नावावरून 'ओस्तारा' या जर्मन देवतेची कल्पना केली. ती त्याची अनुमानाने उभी केलेली मूर्ती होय, कोणत्याही जुन्या लेखात ती सापडलेली नव्हती. ससा तर याहूनही उशिरा या देवतेच्या पायाशी आला. १८७४ मध्ये आडोल्फ होल्ट्समान याने ईस्टरच्या सशाचा आपणांस उलगडा होत नाही हे मान्य करून, तो बहुधा ओस्तारेचा प्राणी असावा असा तर्क केला. अभ्यासकाने 'बहुधा' म्हणून लिहिलेले वाक्य पुढील लेखकांच्या हाती पडले आणि त्यातील 'बहुधा' गळून गेला. विद्येच्या इतिहासात असे अपघात विरळ नाहीत.

देवता मुळीच नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. १९५८ मध्ये जर्मनीतील मोर्केन-हार्फ येथे 'आउस्ट्रिआहेनाए' या नावाच्या मातृदेवतांना वाहिलेले दीडशेहून अधिक रोमनकालीन शिलालेख सापडले. नावातील साम्यामुळे बेडाच्या विधानाला काहीसे पाठबळ मिळाले आहे. उलट बाजूने, योहान क्नोब्लोख याने १९५९ मध्ये असे प्रतिपादन केले की, ईस्टर-सप्ताहाच्या लॅटिन नावातील 'शुभ्र' या अर्थाचा शब्द 'पहाट' या अर्थाने घेतला गेला आणि त्याचा जर्मन अनुवाद म्हणून हे नाव निघाले. वाद मिटलेला नाही. परंतु दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे. शब्दाचे मूळ 'पहाट, पूर्व दिशा' या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूत आहे. लॅटिन 'आउरोरा', ग्रीक 'एओस', लिथुआनियन 'आउश्रा' आणि आपला वैदिक 'उषस्' ही सारी त्याच कुळातील भावंडे. 'इश्तार' हा शब्द सेमिटिक कुळातील असून त्याचा या कुटुंबाशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजीत दोन्ही नावांचा उच्चार जवळ येतो, या एका आधारावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश धर्मोपदेशकाने हे नाते जोडले. रोमन पंथाची प्रत्येक चाल बाबिलोनी ठरविणे हा त्याच्या ग्रंथाचा हेतूच होता. उच्चारसादृश्यावरून व्युत्पत्ती ठरवावयाची तर आपल्या बीड जिल्ह्याचे नाव या बेडाच्या इंग्रजी उच्चारावरून पडले असेही कोणी सिद्ध करील.

आता अंडे. येथे देवतेची गरजच नाही, कारण स्वयंपाकघराचा पुरावा पुरेसा आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. ६९२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या त्रुल्लो परिषदेच्या छपन्नाव्या नियमात या काळात अंडी व चीज खाणाऱ्यांना स्पष्ट मनाई आहे. धर्मपरिषदेने निषेध केला म्हणून कोंबड्या अंडी घालणे थांबवीत नाहीत. चाळीस दिवसांची अंडी साठत, काही उकडून ठेवली जात, आणि उपवास सुटताच ती प्रथम ताटात येत. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या घरखर्चाच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी अठरा पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. ती सोनेरी करून राजपरिवारात वाटण्यात आली. पुनरुत्थानाचा, कबर फोडून बाहेर येण्याचा, अर्थ अंड्याला लावला गेला तो या प्राप्त परिस्थितीवर.

महाराष्ट्रीय वाचकास हा न्याय परिचित आहे. आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी येते. दोन दिवसांनी एकादशी, आणि तेथून चातुर्मासाचे कांदा-लसूण-वांग्याचे वर्जन. म्हणून घरातील कांदा त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका अशा नाना रूपांनी संपविला जातो. कांदेनवमीच्या मुळाशी एखादी विस्मृत कांदादेवी होती, असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. गोव्यातील 'इंत्रुज' हा उपवासाच्या अलीकडच्या टोकाचा सण, ईस्टरचे अंडे हे पलीकडच्या टोकाचे. दोहोंचा उगम वर्ज्यावर्ज्याच्या एकाच नियमात आहे. सशाची गोष्ट याहून लवकर संपते. १६८२ मध्ये गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ या जर्मन वैद्याने ईस्टरच्या अंड्यांवर लॅटिन प्रबंध लिहिला. अंडी लपविणारा ससा ही आल्सास व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील मुलांना सांगावयाची कथा म्हणून त्यात येते. तेथून जर्मन स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत गेला व मिठाईवाल्यांच्या कृपेने जगभर पसरला. संस्कृताचा अभ्यासक येथे मोहात पडण्याचा संभव आहे : चंद्र शशांक आहे, ईस्टरची तिथी चंद्रावर ठरते, तेव्हा ससा चंद्राचाच. सुंदर सुसंगती आहे. परंतु आल्सासच्या शेतकऱ्याने शशांक हा शब्द ऐकला असल्याचे सिद्ध होईपर्यंत ती सुसंगती इतकीच तिची योग्यता आहे.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. चिन्हाचा उगम कोठे झाला हा एक प्रश्न, आणि ते कोठे रुजले हा दुसरा. सदर नियतकालिकांतील लेखन पहिल्याचे उत्तर देते आणि दुसऱ्याचे दिले असे समजते. दुसऱ्या प्रश्नासाठी भाषेसारखा साक्षीदार नाही, कारण रुजलेल्या चालीला लोक घरचे नाव देतात. आणि जिला घरचे नाव नाही ती पाहुणी. ईस्टरच्या अंड्याला मराठीत नाव नाही. मुंबई-गोव्याच्या बेकऱ्यांतून ते साखरेचे वा मार्झिपानचे मिळते, पण ते 'ईस्टर एग' म्हणूनच विकले जाते. सशाची गोष्ट तर त्याहून परकी. ज्या लेखनात ईस्टरच्या प्रतीकांची सुरुवात या दोहोंपासून होते, ते लेखन मराठी भाषिकांच्या सणाविषयी नसून इंग्रजी भेटकार्डाविषयी आहे, असे म्हणणे कठोर होईल, पण अन्यायाचे होणार नाही.

मराठीने या सणाला, व ज्या यहुदी सणातून तो निघाला त्याला, कोणती नावे दिली ते पाहिले म्हणजे निराळेच चित्र दिसू लागते. इंग्रजी-जर्मनचा अपवाद सोडला तर युरोपातील बहुतेक भाषा या सणास हिब्रू 'पेसाह'वरून आलेल्या नावाने ओळखतात. हिब्रूतून अरामाईक 'पास्खा', त्यातून ग्रीक व लॅटिन, लॅटिनमधून पोर्तुगीज 'पाश्कोआ'. म्हणजे ईओस्त्रेचा वाद हा मुळात दोन भाषांच्या घरातला वाद आहे. मराठी मुलखात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज जहाजांतून आला तेव्हा त्यासोबत आलेल्या नावात कोणतीही वसंतदेवता नव्हती. होते ते मिसर देशातून सुटलेल्या गुलामांच्या रात्रीचे नाव.

किंबहुना त्याही आधी हा सण या किनाऱ्यावर होता, आणि त्याला नावही मराठी होते. कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या जुन्या सणांची नावे हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी नोंदवून ठेवली आहेत. त्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला व १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षारंभाचा नव्याचा सण, प्रायश्चित्तदिनाचा दरफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, पुरीमचा होळीचा सण. आणि पेसाहला 'अनशी ढाकाचा सण'. रोमन लिपीत ढ आणि ध एकाच रीतीने लिहिले जात असल्याने हे नाव 'धाकाचा' असेही वाचले जाते. परंतु भय या अर्थाच्या धाकाचा येथे संबंध नाही. ढाकणे म्हणजे झाकणे. अनस म्हणजे कालवणासाठी ठेवलेल्या आंबट पातळ पदार्थाचे भांडे; सणाच्या दिवसांत आंबवलेले वर्ज्य, म्हणून ते भांडे झाकून ठेवावयाचे. एका अतिप्राचीन सणाचे सारे धर्मशास्त्र एका मडक्याच्या झाकणात आले आहे. या यादीतील नावांत देवाचा वा इतिहासाचा उल्लेख जवळजवळ नाही; आहेत ते दार, खीर, बिरडे, मडके आणि शेजाऱ्याची होळी. ज्या लोकांजवळ दीर्घकाळ ग्रंथ नव्हता त्यांनी सण कसा टिकविला, हे या नावांवरून जितके कळते तितके क्वचितच अन्य साधनांवरून कळेल. चिन्हांच्या उगमाचा शोध घेणाऱ्यांनी ईओस्त्रेसाठी जर्मनी धुंडाळण्याऐवजी रायगड जिल्ह्यातील या मडक्याकडे पाहावयास हवे होते.

दुसरे नाव 'पास्क'. गोव्याच्या बोलीत 'पास्कांचें फेस्त' असे म्हणतात. पोर्तुगीज उच्चार घासून लहान झाला, आणि शब्दाने षष्ठीपूर्वीचे सामान्यरूप घेतले. तो घरचा झाला. गोव्यातील ख्रिस्ती मराठीची परंपरा थोर होती. टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. येशूचे मरण व पुनरुत्थान ओवीबद्ध मराठीत तेथे प्रथम आले, आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' वापरण्यास लेखक कचरला नाही. उत्तर कोकणासाठी फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारायंश याचे येशूच्या दुःखमरणावरील पुराण १६५९ मध्ये निघाले. परंतु ही पुराणे रोमन लिपीत छापलेली, आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. ही परंपरा घाटावर आली नाही. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरास अमेरिकन आणि जालन्यास स्कॉटिश मिशनरी आले तेव्हा त्यांनी मराठी ख्रिस्ती परिभाषा जवळजवळ नव्याने घडविली. जालन्याच्या परिसरात बेथेल ही वसाहत वसविणारे नारायण शेषाद्री हे स्वतः ब्राह्मणकुळातील होते. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ चा. मराठवाड्यातील प्रॉटेस्टंट मराठी या घडणीची वारस आहे. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत, ज्यात परभणीचा समावेश होतो, तो तर १९७७ चा.

या नव्या घडणीतून तिसरे नाव निघाले, आणि तेच मराठीचे खरे वैभव. मराठी पवित्र शास्त्रात पेसाहसाठी 'वल्हांडण' हा शब्द आहे. परभणी ज्या भाषांच्या संगमाजवळ आहे त्यांच्याशी तुलना करावी. उर्दू शास्त्रात 'ईद-ए-फसह', हिंदीत 'फसह', तेलुगूत 'पस्का', कन्नडात 'पस्क', गुजरातीत 'पास्खा'. सर्व शेजाऱ्यांनी नाद उचलला. मराठीने अर्थ उचलला. दूर बंगालीत 'निस्तारपर्व' असा अनुवाद झाला खरा, पण तो सुटकेचा अनुवाद आहे, शब्दाचा नव्हे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात ज्या घरांच्या चौकटीस कोकराचे रक्त लावलेले आहे ती घरे परमेश्वर ओलांडून पुढे जातो, आणि सणाच्या नावाचा उलगडा या क्रियापदावरून केलेला आहे. नाव आणि क्रियापद एकाच धातूचे नसतील तर तो उलगडा वाचकास कळत नाही. इंग्रजीत ही अडचण विल्यम टिंडलला जाणवली होती. १५२६ च्या नव्या करारात त्याने जुनेच 'ईस्टर' वापरले, आणि १५३० मध्ये पंचग्रंथाचे भाषांतर करताना 'पासओव्हर' हा शब्द घडविला. मराठी अनुवादकांनी हेच काम केले, आणि अधिक सहजतेने.

कारण 'वल्हांडण' हा घडविलेला शब्द वाटत नाही. 'ओलांडणे' याचेच 'वल्हांडणे' हे दुसरे रूप. शब्दारंभीच्या ओकाराच्या जागी वकार येणे मराठी बोलींत नित्याचे आहे : ओळख–वळख, ओसरी–वसरी, ओठ–व्हट. मराठवाड्याच्या खेड्यात 'वळख' म्हणणाऱ्या माणसाला 'वल्हांडण' कानाला परका नाही. नागर वाचकास मात्र तो वल्ह्याची व नावेची आठवण देतो. आणि तांबड्या समुद्राची कथा जवळच असल्याने नाव वल्हवून पार जाण्याचा सण असा त्याचा गैरसमज होण्याची भीती आहे. दुसरी एक अडचण अधिक सूक्ष्म आहे. मराठीत उंबरठा ओलांडणे म्हणजे घरात शिरणे किंवा घराबाहेर पडणे. निर्गमाच्या कथेत तर उंबरठा न ओलांडणे यातच तारण आहे. अनुवादाचा बचाव एवढाच की ओलांडावयाचे ते घर, उंबरठा नव्हे : 'गाव ओलांडून पुढे गेला' म्हणजे गावात थांबला नाही. हिब्रू धातूविषयीही मतभेद आहेत. 'उडी मारून जाणे', 'लंगडणे' आणि यशयाच्या एकतिसाव्या अध्यायातील एका स्थळी 'रक्षण करणे' असा त्याचा भाव दिसतो. या सर्व छटा एका मराठी शब्दाने पेलाव्यात ही अपेक्षा अवास्तव आहे. त्याने त्यांतली मुख्य पेलली आहे.

परंतु 'वल्हांडण' ग्रंथात राहिला. मराठी ख्रिस्ती मनुष्य त्या रविवारास 'पुनरुत्थानाचा रविवार' किंवा 'ईस्टर' म्हणतो, 'वल्हांडण' म्हणत नाही. तो शब्द यहुदी सणापुरता राखीव झाला. पोर्तुगीज 'पाश्कोआ'त यहुदी व ख्रिस्ती दोन्ही सण एका नावाखाली नांदतात. अचूकतेचे हे मूल्य मराठीने मोजले : शब्दाचा अर्थ नेमका कळला, आणि त्या अर्थाने जोडलेले दोन सण वेगळे पडले. 'पुनरुत्थान' हा समास उत्तम आहे यात शंका नाही. देवोत्थानी एकादशीच्या 'उत्थाना'शी परिचित असलेल्या वारकरी कानाला तो आपलाच वाटतो. पण कोकराचे रक्त आणि चौकट त्यातून दिसत नाहीत.

झावळीविषयी थोडेच सांगावयाचे आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारास 'झावळ्यांचा रविवार' हे नाव मिळाले. ते अस्सल घरचे आहे. युरोपच्या थंड प्रदेशात खजुरीच्या जागी विलोच्या डहाळ्या आल्या आणि इंग्लंडात त्या डहाळ्यांनाच 'पाम' म्हणू लागले. वसईला नारळ होता, मराठवाड्याच्या ओढ्याकाठी शिंदी आहे. शिंदी ही तर खजुरीची सख्खी बहीण. या चिन्हाला मराठी मुलखात बदली शोधावी लागली नाही, उलट युरोपातून आलेले चिन्ह येथे आपल्या मूळ रूपाच्या अधिक जवळ गेले. पहाटेची गोष्ट तशीच. ईस्टरच्या सूर्योदयाची उपासना १७३२ मध्ये हेर्नहूट येथील मोराव्हियन तरुणांनी दफनभूमीत प्रथम केली, असे मानले जाते. मराठी मंडळ्यांतून त्या दिवशी पहाटे भजने म्हणत प्रभातफेरी निघते, तिची पोथी मोराव्हियन असेल. पण त्या वेळी उठून गाण्याची सवय या देशात काकड्याने आणि भूपाळीने लावलेली आहे. येथे चाल बाहेरून आली आणि तिला जागा आधीच झाडून ठेवलेली होती. 'प्रभातफेरी' हे नाव तिला बिनदिक्कत मिळाले. अंड्याला मिळाले नाही.

तिथीच्या बाबतीतही हा शेजार दिसतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टर; म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत फिरतो. ती पौर्णिमा पंचांगाच्या भाषेत बहुधा चैत्री असते. २०२२ मध्ये हनुमान जयंती १६ एप्रिलला व ईस्टर १७ एप्रिलला आला. २०२३ मध्ये ६ व ९ एप्रिलला. परंतु फाल्गुनी पौर्णिमाच २१ मार्चनंतर आली की ईस्टर होळीच्या पाठोपाठ येतो : २०२१ मध्ये होळी २८ मार्चला, ईस्टर ४ एप्रिलला, २०२४ मध्ये धुळवड २५ मार्चला, ईस्टर ३१ मार्चला. त्या २०२४ सालीच यहुदी पेसाह मात्र एप्रिलच्या चैत्री पौर्णिमेस होता. बेने इस्रायलांनी पुरीमला 'होळीचा सण' म्हटले ते अशाच शेजारामुळे. दोन्ही सण पौर्णिमेच्या आसपासचे. यावरून पुरीमचा उगम होळीत आहे असे कोणी म्हणत नाही. होळीची राख आणि उपवासाच्या आरंभीची राख, गुढी आणि क्रूस यांची जोडी लावणाऱ्यांनीही हीच मर्यादा पाळावी. शेजार हा पत्ता सांगतो, वंशावळ नव्हे.

आता आरंभीच्या कोड्याकडे वळता येईल. 'नाताळ' परभणीस का आला आणि 'पास्क' का आला नाही? पोर्तुगीज शब्द घाटावर येऊ शकत नव्हते असे नाही. बटाटा, पगार, पाव, साबण, चावी हे सारे त्याच किनाऱ्यावरून चढून आले आहेत. धर्माचेही कारण पुरत नाही; 'नाताळ' म्हणणाऱ्यांपैकी बहुसंख्य ख्रिस्ती नाहीत. कारण सुट्टीत आहे. २५ डिसेंबर हा ठरलेला दिवस. तो वारंवार कामाच्या वारी येतो, कचेरी बंद होते, शाळा बंद होते, आणि बंद दाराला नाव लागते. ईस्टर रविवारीच येतो. रविवारी दार बंदच असते. सुट्टीच्या यादीत त्याला वेगळी ओळ लागत नाही. ती ओळ शुक्रवारास मिळाली, आणि तोवर लिहिणाऱ्याच्या हाती इंग्रजी लेखणी आलेली असल्याने ती 'गुड फ्रायडे' अशी उमटली. 'उत्तम शुक्रवार' देवळाच्या आवारात राहिला. हे अनुमान आहे, परंतु शब्दांची वागणूक त्यास अनुकूल आहे. नाताळात, दिवाळीत, शिमग्यात असे आपण म्हणतो; 'ईस्टरात' कोणी म्हणत नाही, 'ईस्टरमध्ये' किंवा 'ईस्टरला' म्हणतात. शब्द इंग्रजी आहे म्हणून असे होते असेही नाही, कारण 'कोर्टात' आणि 'बँकेत' आपण निःशंकपणे म्हणतो. ज्या शब्दाशी रोजचा व्यवहार पडतो त्याला मराठी सामान्यरूप देते. 'पास्क' गोव्यात तेथवर पोहोचला. 'ईस्टर' मराठवाड्यात अद्याप दारात उभा आहे.

जालना, परभणी, नांदेड या पट्ट्यातील जुन्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत उपवासकाळाला, त्यातील वर्ज्य पदार्थांना, शुक्रवारच्या व रविवारच्या ताटाला कोणती नावे आहेत, याचा संग्रह बोलींच्या सर्वेक्षणात व्हावयास हवा. केहिमकरांना 'अनशी ढाकाचा सण' नोंदविता आला, कारण त्या वेळी तो शब्द म्हणणाऱ्या स्त्रिया स्वयंपाकघरात होत्या.